भाऊ क्रूझवर जाणार, पण पुन्हा २०२० झालं तर?

एरंडोलच्या एका ताईंनी विचारलंय. धाकटा भाऊ नाशिकहून हॉटेल मॅनेजमेंट करून आला, मुंबईच्या एका एजन्सीमार्फत क्रूझवर असिस्टंट वेटरची ऑफर आहे. आईचा होकार आहे, आबा अडून बसलेत. आबांचं म्हणणं असं की कोरोनात बोटीवरची पोरं महिनोन् महिने पाण्यात अडकली, कोणी उतरू दिलं नाही, कंपन्यांनी पगार थांबवले. परत तसं झालं तर पोराला आणायला जाणार कोण? आणि ताई विचारतात, तशी वेळ आलीच तर घरी बसून आपल्या हातात काय असतं?

मी मूळचा चोपड्याचा. क्रूझवर सुरुवात हाउसकीपिंगमधून केली, पुढे क्रू ऑफिसात गेलो. कर्मचाऱ्यांचे पासपोर्ट, सीडीसी (दर्यावर्दीचं सरकारी ओळख-पुस्तक), व्हिसा, साइन-ऑन, साइन-ऑफ (म्हणजे बोटीवर कामाला चढणं आणि काम संपवून उतरणं), घरी जायची तिकिटं हे सगळं तिथून चालतं. २०२० मध्ये मी बोटीवरच होतो आणि उतरणाऱ्यांच्या याद्या आमच्याच टेबलावरून जायच्या. आता धुळ्यात असतो, आपल्याकडच्या पोरांचे करार वाचून देतो. त्यामुळे थोडं लांबेल, पण नीट सांगतो.

आबांची भीती खरी आहे, पण ती रोगावर बसलीय. रोग होताच, माणसं गेलीही. पण निरोगी पोरं दोन-तीन महिने पाण्यावर राहिली ती रोगामुळे कमी आणि 'हा माणूस आता कोणाच्या जबाबदारीवर' याचा निकाल लागत नव्हता म्हणून जास्त. हे एकदा समजलं की घरून काय करायचं ते आपोआप कळतं, म्हणून आधी तेच सांगतो.

क्रूझचं जहाज एका देशाच्या पाण्यात उभं असतं, झेंडा, म्हणजे नोंदणी, दुसऱ्याच देशाचा असतो, ऑफिस तिसरीकडे आणि बोटीवर पन्नास-साठ देशांची माणसं. झेंडे बहुतेक बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा यांचे. मायामीत ऑफिस असलेल्या दोन सगळ्यात मोठ्या कंपन्यांपैकी एक तेव्हा कागदावर पनामाची होती, दुसरी लायबेरियाची. कर वाचतो, नियम सैल मिळतात. धंदा चालू होता तोवर याची कोणाला अडचण नव्हती. मार्च २०२० मध्ये धंदा थांबला आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवू लागला. बंदराचा देश म्हणाला, जहाज आमचं नाही. झेंड्याच्या देशाकडे हजारो माणसं उतरवून ठेवायची सोय नव्हती. कर्मचाऱ्यांच्या देशांचे विमानतळ बंद. भुसावळच्या आउटरला गाडी थांबते, स्टेशनचे दिवे दिसतात, घरचे रिक्षा घेऊन उभे असतात, पण सिग्नल पडत नाही, तसं ते होतं. फरक एवढाच की इथे सिग्नल चार वेगवेगळ्या केबिनमधून पडायचे होते आणि चारही एकाच वेळी.

पहिला दणका फेब्रुवारीत जपानला बसला. योकोहामात अडवलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ माणसं होती, त्यात १,०४५ कर्मचारी. ७१२ जणांना लागण झाली. प्रवाशांना केबिनमध्ये बसवलं. पण त्यांच्या दारात जेवण नेऊन ठेवणारा, गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, भांडी घासणारा, कपडे धुणारा कर्मचारी कामावरच होता. तो मेसमध्ये सगळ्यांबरोबर जेवत होता आणि रात्री दुसऱ्याबरोबर एकाच केबिनमध्ये झोपत होता. ज्यानं बोटीचा खालचा भाग पाहिलाय त्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. कर्मचाऱ्यांच्या केबिन खालच्या डेकवर, बऱ्याचशा बिनखिडकीच्या, दोघांत एक. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब बोळ असतो, अमेरिकन कंपन्यांच्या बोटींवर त्याला 'आय-नाइंटी-फाइव्ह' म्हणतात, तिकडच्या हायवेच्या नावावरून. सामानाच्या ट्रॉल्या, कचरा, कामावर जाणारे, कामावरून येणारे, सगळे त्याच बोळातून. तिथे सहा फुटांचं अंतर कुठून आणणार?

डायमंड प्रिन्सेसवर १३२ भारतीय कर्मचारी आणि ६ भारतीय प्रवासी होते. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानानं ११९ भारतीयांना दिल्लीला आणलं आणि मानेसरला विलगीकरणात ठेवलं. लागण झालेले उपचारांसाठी जपानमध्ये राहिले. तेव्हा एक बोट होती, एक बंदर, एक विमान, म्हणून जमलं. मार्चच्या मध्याला अमेरिकेनं प्रवासी क्रूझ बंद करण्याचा आदेश काढला आणि जगभरच्या बोटी एकदम थांबल्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनं एप्रिलमध्ये सांगितलं की नुसत्या त्यांच्या किनाऱ्यांजवळ शंभरेक बोटी उभ्या आहेत आणि त्यांच्यावर ८० हजारांच्या आसपास कर्मचारी आहेत. प्रवासी बहुतेक तोवर घरी पोचले होते. इकडे आपल्याकडे २२ मार्चपासून आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानं बंद आणि २५ मार्चपासून लॉकडाऊन.

अमेरिकेनं कर्मचाऱ्यांना उतरायला अगदीच मनाई केली होती असं नाही. पण अटी अशा होत्या की नेहमीच्या विमानानं जायचं नाही, कंपनीनं स्वतःचं विमान ठरवायचं, शिडीवरून थेट गाडीत आणि गाडीतून थेट विमानात, मध्ये हॉटेल नाही, टर्मिनल नाही. आणि हे सगळं पाळलं जाईल अशी लेखी हमी कंपनीच्या मोठ्या अधिकाऱ्यानं द्यायची. खर्च मोठा, आणि हमीत चूक निघाली तर सही करणाऱ्याच्या गळ्याशी येणार. काही कंपन्यांनी यावर आठवडेच्या आठवडे घालवले. मला विचाराल तर खरा वेळ इथे गेला. शेवटी विमानापेक्षा बोट स्वस्त पडते हे हिशेबात आलं, आणि मग आपापल्याच जहाजांची एसटी करून कंपन्यांनी माणसं देशानुसार वाटली. एक बोट फिलिपिन्सकडे, एक इंडोनेशियाकडे, एक भारताकडे. मनिला बे मध्ये एका वेळी वीसहून जास्त क्रूझ जहाजं नांगर टाकून उभी होती, तपासणीचे रिपोर्ट यायची वाट बघत.

हे काम कसं चालायचं ते जवळून पाहिलंय म्हणून सांगतो. रात्री हेड ऑफिसकडून यादी यायची. आम्ही प्रत्येकाचा पासपोर्ट आणि सीडीसी झिपच्या प्लास्टिक पिशवीत टाकायचो, वर मार्करनं नाव, क्रू नंबर आणि ज्या बोटीवर जायचं तिचं नाव. पहाटे बॅगा गँगवेपाशी, म्हणजे उतरायच्या शिडीपाशी, रांगेत लागायच्या, त्यांच्यावर फवारणी, मग टेंडर म्हणजे छोट्या ने-आण करणाऱ्या बोटीतून अंतर ठेवून थोडी थोडी माणसं समोरच्या जहाजावर. लाटा जास्त असल्या की टेंडर बंद. आणि कधी सगळं लावून झाल्यावर दुपारी निरोप यायचा की पुढच्या बंदरानं त्या बोटीला तारीख नाकारली, यादी रद्द. त्याच पिशव्यांवरची बोटीची नावं खोडून नवी लिहायची. ज्यांची बॅग दोनदा गँगवेपर्यंत जाऊन परत आली त्यांना तिसऱ्यांदा 'उद्या नक्की' सांगताना आमची जीभ अडखळायची.

शहाद्याकडचा एक पोरगा गॅलीत युटिलिटीला होता. त्याचे वडील रोज फोनवर एकच विचारायचे, बोट बंदरापाशी उभी आहे म्हणतो ना, मग उतरत का नाही? एकदा त्यानं वैतागून फोन माझ्या हातात दिला. मी म्हटलं, काका, शिडी आहे, पण खाली उतरवून घेणारा साहेब नाही. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "मंग आम्ही कलेक्टरले सांगू का?" तेव्हा मला हसू आलं होतं. पण पुढे तो पोरगा मुंबईत उतरला तेव्हा खरोखर सरकारी पास हातात पडल्याशिवाय गाडी हलली नाही.

कारण आपल्याकडचा सिग्नल पडला तो २१ एप्रिलला. त्या दिवशी केंद्रीय गृहमंत्रालयानं भारतीय दर्यावर्दींच्या साइन-ऑन आणि साइन-ऑफची पद्धत ठरवून दिली. मागच्या २८ दिवसांचा प्रवास आणि तब्येतीची माहिती द्यायची, डीजी शिपिंग या केंद्राच्या जहाज वाहतूक कार्यालयाकडून मंजुरी, बंदरात तपासणी, आणि जिथे उतरला त्या राज्यानं दर्यावर्दी आणि एक ड्रायव्हर यांच्यासाठी ठरलेल्या रस्त्याचा, ठरलेल्या मुदतीचा पास द्यायचा. दोनच दिवसांनी, २३ एप्रिलला, मुंबईत मरेला डिस्कव्हरी या बोटीवरून दीडशेच्या आसपास भारतीय कर्मचारी उतरले. कागदावरची पद्धत ठरली आणि दोन दिवसांत माणसं जमिनीवर आली. म्हणून मी म्हणतो की दुखणं रोगाचं कमी आणि कागदाचं जास्त होतं. मे महिन्यात परदेशात अडकलेल्यांना आणणारी वंदे भारतची विमानं सुरू झाली आणि पुढच्या काही आठवड्यांत वाट आणखी मोकळी झाली.

मुंबईहून पुढे आपल्या पोरांचं काय झालं ते तुमच्यातल्या काहींना आठवत असेल. हॉटेलात विलगीकरण, स्वॅब, मग गाडी. रस्ता कसारा, नाशिक, मालेगाव, धुळे. मालेगाव तेव्हा इतकं तापलेलं की ड्रायव्हर चहालासुद्धा थांबायला तयार नाही. गावात पोचलं की वेशीवर समिती बसलेली. कोणी शाळेच्या खोलीत, कोणी शेतातल्या पंपाच्या खोलीत चौदा दिवस काढले. परदेशातून आला म्हणून ज्याच्या सत्काराला गाव जमायचं, त्याच्याकडे त्याच गावातली माणसं लांबून बघत होती. आया भरीत-भाकरीचा डबा बांधावर ठेवून मागे सरकायच्या. त्यातल्या एकानं मला सांगितलं की बोटीपेक्षा ते चौदा दिवस जड गेले.

आता पगाराकडे येऊ, कारण आबांच्या प्रश्नात तो आहे आणि घरांचं खरं नुकसान तिथेच झालं. वेटर, बार, केबिन अटेंडंट यांची कमाई बऱ्याच कंपन्यांत टिप आणि ग्रॅच्युइटीवर चालते. करारात जी हमी रक्कम लिहिलेली असते ती हातात पडणाऱ्या पैशांपेक्षा बरीच कमी असते. प्रवासी उतरले त्या दिवशी टिप संपली. मग कंपन्यांनी बऱ्याच हॉटेल स्टाफचे करार संपवले आणि त्यांना 'बिनकामाचा क्रू' ठरवलं. जेवण फुकट, राहायला प्रवाशांची केबिन, काही ठिकाणी इंटरनेटही फुकट, पण पगार नाही किंवा नावापुरता. म्हणजे माणूस कामावर नाही, सुट्टीवर नाही आणि घरीही नाही. याउलट डेक आणि इंजिनवाले. जहाज नुसतं उभं ठेवायलाही ठरावीक माणसं कायद्यानं लागतातच, त्यामुळे त्यांचा पगार चालू राहिला, पण सुटका सगळ्यात शेवटी झाली. मालवाहू जहाजांवर तर हे आणखी लांबलं. २०२० च्या अखेरीस जगभरात सुमारे ४ लाख दर्यावर्दी करार संपूनही जहाजांवरच होते.

प्रवाशांची केबिन मिळाली म्हणजे चैन झाली असं घरच्यांना फोटोवरून वाटायचं. पहिला आठवडा तसंच वाटलं. बाल्कनी, मोठा पलंग, दिवसातून दोनदा ताप बघायला दारावर टकटक. मग बारा-बारा तास काम करायची सवय असलेला, चोवीस तास माणसांत राहिलेला पोरगा एकटा खोलीत बसला की काय होतं ते दिसू लागलं. झोप उलटी होते, जेवणाचं ताट तसंच परत येतं, मेसेजला उत्तर येत नाही. त्या वसंतात वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोटींवर काही कर्मचाऱ्यांनी जीव दिला, त्या बातम्या आमच्यापर्यंतही आल्या. आम्ही एक साधी गोष्ट केली. बिनकामाच्या क्रूमधल्या ज्यांना हवं त्यांना काम दिलं, परवानगी होती तेवढंच. याद्या लिहिणं, जेवण वाटणं, भाषांतर करणं. जे कामाला लागले ते पुष्कळ सावरले. तुमच्या भावाला हे आत्ताच सांगून ठेवा की अडकलास तर बसून राहू नकोस, काम मागून घे.

तर पुन्हा असं होऊ शकतं का? साथ येऊ शकते, यावर कोणी खोटी हमी देऊ नये. पण तेव्हा कोणाकडे पद्धतच नव्हती, आता आहे. उतरवायचं कसं, तपासायचं कसं, पास कोणी द्यायचा, हे एकदा करून झालंय. नियमही थोडे पुढे सरकलेत. दर्यावर्दींच्या हक्कांचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन २००६, तो भारतानं २०१५ मध्ये स्वीकारला. २०२२ च्या दुरुस्त्या २३ डिसेंबर २०२४ पासून लागू झाल्यात, त्यांत शक्य तिथे बोटीवर इंटरनेट देण्याची आणि अडकलेल्यांना लवकर घरी पाठवण्यात बंदराच्या देशानं मदत करण्याची तरतूद आली. कागदावर आहे म्हणजे संकटात मिळेलच असं नाही. २०२० मध्येही घरी पाठवायचा हक्क कागदावर होताच. तरी भांडायला हातात कागद असणं आणि नसणं यात फरक पडतो.

त्या आंतरराष्ट्रीय करारातली तीन-चार कलमं आबांना वाचून दाखवा. परत घरी पाठवायचा खर्च जहाजमालकाचा. त्यासाठी कामाला लागताना आगाऊ पैसे मागता येत नाहीत आणि कामात मोठी कसूर सिद्ध झाल्याखेरीज पगारातून कापता येत नाहीत. बारा महिन्यांच्या आत घरी जायचा हक्क उभा राहतो. मालकानं हात वर केले तर झेंड्याच्या देशानं पाठवायचं, त्यानंही नाही केलं तर माणसाचा स्वतःचा देश आणू शकतो आणि खर्च झेंड्याच्या देशाकडून वसूल करू शकतो. आणि २०१७ पासून प्रत्येक जहाजाला विम्यासारखी आर्थिक हमी ठेवावी लागते. मालकानं वाऱ्यावर सोडलं, म्हणजे घरी पाठवायचा खर्च नाकारला, खाणंपिणं बंद केलं, किंवा संबंध तोडले, ज्यात किमान दोन महिने पगार न देणंही धरतात, तर त्या हमीतून चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार आणि घरी यायचा खर्च मिळतो. त्या हमीचं सर्टिफिकेट बोटीवर दर्शनी जागी लावलेलं असतं. भावाला सांगा, चढल्यावर पहिल्या आठवड्यात मोबाइलवर त्याचा फोटो काढून घरी पाठव.

इथे एक खोच आहे. २०२० मध्ये मोठ्या कंपन्यांनी पोरांना 'सोडलं' नव्हतं, जेवू घालत होत्या, त्यामुळे त्या हमीला हात लावायची वेळ बहुतेकांवर आली नाही. ती हमी खऱ्या अर्थानं उपयोगी पडते ती छोट्या, बुडणाऱ्या कंपनीत. म्हणून कंपनी कोणती हे बघणं नियम बघण्याइतकंच महत्त्वाचं.

काही गोष्टी तुमच्या घरावर अवलंबून आहेत, त्या मला इथून ठरवता येणार नाहीत. घरात एकटाच कमावता असेल, आबांना हृदयाचं किंवा किडनीचं दुखणं असेल, किंवा शेतीवर आधीच कर्ज असेल, तर साथ न येताही नऊ महिन्यांचा करार जड जातो. भावाचा स्वभावही बघा. वसतिगृहात चार दिवसांत घरी पळून येणारा पोरगा बोटीवर टिकत नाही, त्यासाठी रोगाची साथ यायची गरज नाही. बाकी बहुतेकांना जमतं.

आता तुमच्या हातात काय, ते. पहिलं, एजन्सी. दर्यावर्दी भरती करायला डीजी शिपिंगचं लायसन्स लागतं, त्याला आरपीएसएल म्हणतात. नंबर मागा आणि डीजी शिपिंगच्या वेबसाइटवर स्वतः तपासा. लायसन्स चालू आहे का, आणि पत्ता तोच आहे का. कधीकधी नंबर खरा असतो आणि ऑफिस दुसऱ्याच कोणाचं. नोकरी लावून द्यायचे पैसे घेणं नियमाला धरून नाही. तुमच्याकडून खर्च होऊ शकतो तो पासपोर्ट, सीडीसी आणि ठरलेल्या मेडिकलचा. व्हिसाचा खर्च त्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजमालकाकडे येतो. सुरक्षेचे बेसिक कोर्स पोरं स्वतःच्या पैशानं करतात, ते वेगळं, पण तेही मान्यताप्राप्त संस्थेतूनच करा. जळगावात, धुळ्यात 'सीट पक्की, दोन लाख टाका' म्हणणारे दर वर्षी नव्यानं येतात. तसे पैसे मागितले की उठून यायचं, कारण पुढे अडचण आली की हाच माणूस फोन उचलत नाही. २०२० मध्ये ज्यांची एजन्सी खरी होती त्यांच्या घरच्यांना निदान विचारायला एक दार होतं.

दुसरं, करार. ऑफर लेटर म्हणजे करार नाही. सही केलेल्या कराराची प्रत चढायच्या आधी मागा आणि तिची एक झेरॉक्स घरात ठेवा. त्यात हमी पगार किती आणि टिपचा अंदाज किती, हे वेगवेगळं बघा. घरचा हिशेब हमी पगारावर करायचा, टिपवर नाही. करार मध्येच संपवला तर काय मिळेल, आणि घरवापसी कुठपर्यंत, मुंबईच्या विमानतळापर्यंत की घरापर्यंत, हे वाचा. युनियनचा करार लागू असेल तर त्याचं नाव तिथे असतं. ते असलं तर बाजू बरीच बळकट होते, कारण मग बोलायला तुमच्या भावाखेरीज आणखी कोणी असतं.

तिसरं, घरातली फाइल. बोटीचं नाव, झेंडा, आणि आयएमओ नंबर. हा सात आकडी नंबर जहाज विकलं, नाव बदललं तरी बदलत नाही, त्यामुळे बोट कुठे आहे ते कोणत्याही जहाज शोधायच्या वेबसाइटवर घरबसल्या दिसतं. शिवाय पासपोर्ट, सीडीसी आणि इंडॉस नंबर (दर्यावर्दीचा सरकारी नोंदणी क्रमांक) यांची प्रत, एजन्सीचा रात्रीचा नंबर, कंपनीचा घरच्यांसाठीचा नंबर. २०२० मध्ये घरच्यांचे फोन यायचे आणि बोटीचं नाव विचारलं की 'ती पांढरी, मोठी' एवढंच सांगता यायचं. हसू येतं, पण मदत करणाऱ्याला त्यावरून काहीच करता येत नाही.

चौथं, पैसा. पहिल्या कराराच्या पगारावर प्लॉट बुक करू नका, ट्रॅक्टरचा हप्ता लावू नका, बहिणीच्या लग्नाची तारीख धरू नका. पहिल्या तीन-चार महिन्यांत घरखर्च सोडून जेवढं उरेल ते बाजूला ठेवा. खात्यावर नॉमिनी लावा आणि घरातल्या एकाला व्यवहार करता येईल अशी सोय करा. त्या वर्षी ज्या घरांनी पोराच्या पगारावर सावकाराकडून उचललं होतं, ती घरं पोरगा परत आल्यावरही दोन-तीन हंगाम सावरली नाहीत.

आणि तशी वेळ आलीच तर? आधी एजन्सी, लेखी. फोन करा, पण मागून ईमेल टाका, तारीख दिसली पाहिजे. मग कंपनी. उत्तर नाही आलं तर डीजी शिपिंग, आणि सोबतीला नॅशनल युनियन ऑफ सीफेरर्स ऑफ इंडिया किंवा आयटीएफ, म्हणजे वाहतूक कामगारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ. बोट ज्या देशात उभी आहे तिथल्या भारतीय दूतावासालाही कळवा. खासदार-आमदारांचं पत्र उपयोगी पडतं का? पडतं, पण तेव्हाच जेव्हा त्यात बोटीचं नाव, आयएमओ नंबर आणि पोराचा सीडीसी नंबर असतो. नुसतं 'आमच्या तालुक्यातील युवक अडकला आहे' असं पत्र टेबलावर तसंच राहतं. व्हिडिओ व्हायरल करायची घाई करू नका. कधी त्यानं हालचाल होते, पण पोराचं नाव पुढच्या करारासाठी खराब होऊ शकतं, म्हणून तो शेवटचा उपाय. आणि भावाला बजावून ठेवा की 'स्वेच्छेने उतरत आहे' किंवा 'काही देणं बाकी नाही' असा कागद पुढे आला तर वाचल्याशिवाय, फोटो काढल्याशिवाय सही करायची नाही.

बोलण्याचंही ठरवून घ्या. रोज पाच वेळा फोन करून 'कधी येशी रे भो?' विचारलं की त्याच्याकडे उत्तर नसतं आणि तो फोन टाळायला लागतो. दिवसाची एक वेळ ठरवा, आणि घरचं बोला. कपाशीला भाव काय लागला, कानबाईच्या रोटांना कोण कोण आलं होतं, म्हशीनं काय केलं. बोलणं तुटक व्हायला लागलं, झोप नाही म्हणाला, किंवा नेहमीचा विनोद करेनासा झाला तर थेट विचारा आणि बोटीवरच्या डॉक्टरकडे जायला लावा. दर्यावर्दींसाठी सीफेररहेल्प नावाची चोवीस तास मोफत सेवा आहे, त्यांच्याशी चॅटवरही बोलता येतं. इकडे घरच्यांनाच धीर सुटल्यासारखं झालं तर टेलि-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

माझं मत विचाराल तर पाठवा, पण तीन अटींवर: एजन्सी तपासलेली असावी, कंपनी मोठी आणि जुनी असावी, आणि त्याच्या पहिल्या पगारावर घरातलं काहीही अवलंबून नसावं. तिसरी अट जमत नसेल तर वर्षभर नाशिक-पुण्यात हॉटेलमध्ये काम करू दे, अनुभवही होईल आणि पुढच्या ऑफरला पगारही बरा मिळेल. आबांना एजन्सीत सोबत घेऊन जा आणि त्यांनाच विचारू द्या की बोट थांबली तर माझ्या पोराला घरी कोण आणणार, कोणत्या कलमाखाली. जो एजंट या प्रश्नावर चिडेल त्याच्याकडून पाठवू नका. कराराची प्रत हातात आली की पगाराचं पान आणि घरवापसीचं कलम इथे टाका, नाव-नंबर झाकून. इंग्रजी अडलं तर मी वाचून सांगतो.